साडेबारा इंच

शंकरराव गजभिये यांनी नोकरीची तेहेतीस वर्षं दुसऱ्यांनी मोजलेला पाऊस पुन्हा मोजण्यात घालवली. पाटबंधारे खात्यात ते पर्जन्यमापक तपासायचे. भंडारा, साकोली, देवरी, आमगाव अशा गावांना एसटीनं जायचं, तहसिलीच्या आवारात किंवा शाळेच्या मागं रोवलेलं यंत्र उघडायचं, आतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि तिथल्या माणसानं वहीत लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. घरबसल्या आकडे भरणारी माणसं त्यांनी डझनानं पकडली होती. खोट्या वहीत पाऊस नेहमी पाच, दहा, पंधरा असा पडायचा. "खरा पाऊस पाचाच्या पाढ्यात पडत नसतो," असं ते समोरच्याला शांतपणे सांगायचे, आणि समोरचा घाम पुसायला लागायचा.

त्यांच्या स्वतःच्या आकड्यांवरही सुरुवातीची काही वर्षं कुणी विश्वास ठेवला नव्हता. वस्तीतनं आलेला, पुढं छप्पन साली दीक्षाभूमीवरही उभा राहिलेला हा पोरगा, ह्याला यंत्र तरी वाचता येतं का, अशी शंका साहेबांच्या तोंडावर उघड दिसायची. दोनदा त्यांच्या मागोमाग दुसरा माणूस पाठवून त्यांची मोजणी तपासली गेली. दोन्ही वेळा शेवटच्या दशांशापर्यंत ती बरोबर निघाली. तेव्हापासून शंकररावांनी मनाशी पक्कं केलं होतं, की आपला आकडा असा ठेवायचा की कुणीही येऊन मोजावा, आणि दुसऱ्याचा आकडा आपण मोजल्याशिवाय मानायचा नाही.

बायको, कांताबाई, गेल्यावर ते नागपुरात एकटे पडले. १९८३ च्या सप्टेंबरात मुलानं, शैलेंद्रनं, त्यांना अमेरिकेत आणलं. शैलेंद्र इंजिनियर. त्याच्या ओळखीची मराठी कुटुंबं श्रूजबरी नावाच्या शहरात राहायची, पण त्यानं घर घेतलं होतं तिथून तासाभरावर, टेकड्यांमधल्या एका खेड्यात. चर्च, पोस्ट, एक दुकान, गाववाल्यांनीच चालवलेली अग्निशमनाची एक गाडी, आणि या सगळ्याच्या मधोमध कॉर्बेट नावाचं तळं. सून सुमेधा वुस्टर शहरातल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. आठ वर्षांची नात मीनाक्षी इथंच जन्मलेली. आजोबा मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं काही अडत नव्हतं.

डिसेंबरात तळं गोठलं. शंकररावांनी आयुष्यात एवढं गोठलेलं पाणी पाहिलं नव्हतं. आभाळातून पडतो तो भुसभुशीत, त्याला ही मंडळी स्नो म्हणत. तळ्यावर धरतो तो काचेसारखा, तो आइस. आपल्याकडं दोन्हींना बर्फच. पण हे दोन बर्फ एकमेकांचे वैरी असतात हे त्यांना हळूहळू कळलं. वर स्नोची गोधडी पडली की खालचा बर्फ उबेत राहतो, वाढायचा थांबतो. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला थर्मामीटर टांगलं, अंगणात खुणा केलेली काठी रोवली आणि नवी वही सुरू केली.

"आबा, व्हाय डू यू राइट इट एव्हरी डे?" मीनाक्षीनं विचारलं.

"कारण ते रोज बदलतं ना, बेटा."

आणि बदलायचंही तसंच. सोमवारी उणे वीस, नाकातला श्वास गोठावा अशी थंडी. बुधवारी पाऊस. गुरुवारी छपराच्या कडेला हातभर लांबीचे बर्फाचे सुळे, आणि शनिवारी ऊन असं की ते सुळे टपटप गळून पडावेत.

तळ्याशी होड्या पाण्यात सोडायचा एक सिमेंटचा उतार होता. त्याच्या तोंडाशी खांबावर काळा फळा ठोकलेला होता. 'आजचा बर्फ' असं वर इंग्रजीत रंगवलेलं, खाली खडूनं आकडा. जानेवारीत पहिल्यांदा शंकरराव तिथं थबकले तेव्हा शैलेंद्र बरोबर होता.

"हे कोण लिहितं?"

"एव्हरेट. तळ्यापलीकडे ते हिरवं घर आहे ना, त्याचं. बावीस वर्षं लिहितोय म्हणे. चार इंच झाले की माणसं चालतात, बारा झाले की ट्रक नेतात."

"मोजतो कशानं?"

"मोठं गिरमिट असतं, बाबा. भोक पाडायचं, पट्टी टाकायची."

"तू पाहिलंस त्याला मोजताना?"

"मी कशाला पाहू?" शैलेंद्र हसला. "चला, थंडी आहे."

शंकरराव निघाले, पण तो फळा त्यांच्या डोक्यातून निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या फेरीत ते तिथं जाऊ लागले आणि आकडा उतरवून घेऊ लागले. दहा. साडेदहा. अकरा. साडेअकरा. अर्ध्या इंचाखाली बात नाही. पाव नाही, पाऊण नाही. शंकररावांना साकोलीत पकडलेली खोटी वही आठवली.

फेब्रुवारीत हवा एकदम फिरली. तीन दिवस धो-धो पाऊस, मग धुकं. टेकड्यांवरचा स्नो वितळून ओढ्यानाल्यांतनं खाली धावू लागला. रात्री झोपेतही पाणी वाहिल्याचा आवाज यायचा. अंगणातली काठी उघडी पडली. आणि फळ्यावर काय? साडेबारा. दुसऱ्या दिवशी साडेबारा. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही साडेबारा.

पाणी कुठंतरी मुरत होतं.

शंकररावांनी उताराच्या कडेनं फिरून बर्फ न्याहाळला. एकच जुनं भोक दिसलं, ते केव्हाच गोठून बुजलेलं. नवं भोक नाही, भोवती बुटांचे ठसे नाहीत. मग ते सकाळी साडेसातला जाऊन पाइनच्या झाडांपाशी उभे राहू लागले. पावणेआठच्या सुमाराला एव्हरेटचा जुना निळा ट्रक यायचा. सत्तरीचा, रुंद खांद्यांचा माणूस. इंजिन चालूच ठेवायचा. उतरायचा, ट्रकला धरूनच चार पावलं टाकायचा, हातमोज्यानं फळा पुसायचा, आणि लिहिण्याआधी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं बघायचा. मग साडेबारा लिहून निघून जायचा. बर्फावर एक पाऊल नाही.

लिहिण्याआधी इकडंतिकडं बघणारा माणूस! शंकररावांनी तेहेतीस वर्षांत असे किती पाहिले होते.

तिसऱ्या सकाळी एव्हरेटची नजर पाइनच्या झाडांकडं वळली आणि तिथंच थांबली. शंकररावांनी हातातली वही मिटली. दोघं म्हातारे अर्धा मिनिट एकमेकांकडं बघत राहिले. कुणी हात केला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. "तो माणूस लिहून राहिला, पण मोजून नाही राहिला."

"बाबा, प्लीज," शैलेंद्र म्हणाला. "एव्हरेटनं डिसेंबरमध्ये आपला ड्राइव्हवे न सांगता ट्रकच्या फाळानं साफ करून दिला होता. तुम्हाला सगळीकडे खोटी वही दिसते."

"माणूस चांगला असेल. आकडा खोटा आहे."

"कशावरून?" हे सुमेधानं विचारलं. तिच्या स्वरात थट्टा नव्हती. शंकररावांनी वही तिच्यापुढं सरकवली. तिनं दोन पानं वाचली, कपाळाला आठी घातली. "पाच दिवस तेच रीडिंग?" ती म्हणाली. "एवढ्या पावसात?"

"शनिवारी जत्रा आहे ना तळ्यावर," शंकरराव म्हणाले.

दर वर्षी फेब्रुवारीत गाव तळ्यावर हिवाळी जत्रा भरवायचं. बर्फावर तंबू, गरम सूपाची भांडी, ट्रक, आणि शाळेतल्या मुलांचं स्केटिंग. मीनाक्षीच्या पायाला या वर्षी पहिल्यांदा तिच्या मापाचे स्केट्स होते. ती ते घालून गालिच्यावरच चालायची.

"फायर डिपार्टमेंट बघतं ते," शैलेंद्र म्हणाला.

"फायरवाले फळाच बघत असतील," शंकरराव म्हणाले, आणि भाताला हात न लावता उठले.

गुरुवारी पाच वाजता दारावर टकटक झाली. गावचा पोलीस. तरुण, नम्र, टोपी हातात. एक माणूस वही घेऊन झाडांमागून घरांवर नजर ठेवतो अशी तक्रार आली आहे, असं तो म्हणाला. तसं काही नसणार, पण विचारायला लागतं. शैलेंद्रचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. माझे वडील आहेत, त्यांना हवामानाची आवड आहे, असं त्यानं सांगितलं. पोलिसानं शंकररावांकडं पाहून मान लववली आणि तो गेला.

"बाबा, आपण इथं एकटेच आहोत," दार लावून शैलेंद्र म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मीनाची शाळा इथं आहे. उद्यापासून तिकडं जाऊ नका."

"मी कोणाचं घर पाहून राहिलो होतो? मी बर्फ पाहून राहिलो होतो."

"त्यांना काय माहीत?"

शंकरराव आपल्या खोलीत जाऊन बसले. साकोलीत, देवरीत लोकांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, एकानं यंत्रच उपटून विहिरीत टाकलं होतं. पण त्यांच्यासाठी पोलीस कधी आला नव्हता. तक्रार कुणी केली असेल हे त्यांना सांगायला ज्योतिषी नको होता. चोराच्या उलट्या बोंबा! आता त्यांची उरलीसुरली शंकाही गेली. तो माणूस नुसता आळशी नव्हता, तो लपवत होता.

त्या रात्री हवा पुन्हा फिरली. पारा उणे चौदावर उतरला आणि शुक्रवारी सकाळपर्यंत वीतभर स्नो पडला. शाळेला सुट्टी झाली, म्हणून सुमेधा घरी राहिली. शैलेंद्र कसाबसा गाडी काढून कामाला गेला. खिडकीतून तळं दिसत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र, सपाट. कालचे करडे डाग, पाण्याची डबकी, सगळं झाकलं गेलं होतं. दूरवर लोकांनी पावसाआधीच स्केटिंगच्या जागेभोवती फरची छोटी झाडं रोवली होती, ती तेवढी हिरवी.

शंकररावांनी गराजमधून शैलेंद्रचं लांब पात्याचं गिरमिट घेतलं, एक पोलादी पट्टी आणि एक काठी घेतली, आणि तारेचं टोक वाकवून आकडी केली. भोकातून आकडी सोडायची, बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायची, वरची खूण धरायची, म्हणजे जाडी मिळते. ते कुणी शिकवायला लागत नाही. ते टोपी घालत असताना सुमेधा समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, शैलेंद्र काय म्हणाला काल?"

"झाडांमागं उभा राहू नको म्हणाला. बर्फावर उभा राहू नको असं नाही म्हणाला."

सुमेधा त्यांच्या हातातल्या तारेकडं बघत राहिली. मग तिनं शेजारच्या बाईंना फोन करून मीनाक्षीला तासभर त्यांच्याकडं पाठवलं, गाडी ओढायचा दोर खांद्यावर टाकला आणि बूट चढवले.

"तुम्ही एकटे जाणार नाही. आणि मी मागे फिरा म्हटलं की फिरायचं. कबूल?"

"कबूल."

दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं तिच्या. मध्ये वीस पावलांचं अंतर. फळ्यावर साडेबारा होतंच. उतारापासून दहा पावलांवर शंकररावांनी पहिलं भोक पाडायला घेतलं. हात भरून आले, श्वास पांढरा होऊन दाढीवर बसला. शेवटी पातं भस्सकन आत गेलं आणि काळं पाणी वर आलं. त्यांनी आकडी सोडली, अडकवली, पट्टी लावली. पुन्हा लावली.

"किती?" मागून सुमेधा ओरडली.

शंकररावांनी पट्टी तिसऱ्यांदा लावली. पट्टीवर साडेबारा होते. नेमके साडेबारा.

खरं सांगायचं तर त्यांना वाईट वाटलं. आकडा खरा निघाला म्हणून माणसानं खूश व्हावं. पण आठ दिवस ज्या माणसाला मनातल्या मनात उभा-आडवा तपासला, तो सुटून गेल्याचं दुःख त्यांना झालं. आणि त्याहून मोठा प्रश्न हा, की बर्फावर पाऊल न ठेवता ह्यानं मोजलं कसं?

"चला, झालं ना समाधान?" सुमेधा म्हणाली.

शंकरराव फरच्या झाडांकडं बघत होते. ती झाडं उतारापासून बरीच दूर, तळ्याच्या वरच्या टोकाला होती. वारा अडतो म्हणून दर वर्षी स्केटिंग तिथंच व्हायचं. आणि त्याच्याच वरच्या अंगानं टेकडीवरचा ओढा तळ्यात उतरायचा. तीन दिवसांचा सगळा पाऊस त्याच वाटेनं आत आला असणार.

"सुमेधा, तू एका पेशंटचं रक्त काढून सगळ्या वॉर्डाचा रिपोर्ट लिहिशील का?"

सुमेधानं फरच्या झाडांकडं पाहिलं. "चला," ती म्हणाली. "पण हळू."

ते पुढं सरकू लागले. तीस पावलांवर दुसरं भोक, अकरा इंच. मग पावणेनऊ. मग सव्वासहा. शंकरराव काठीनं ठोकत, ऐकत, मग पाऊल टाकत. ठोकण्याचा आवाज बदलत होता. आधी खणखणीत, मग भरीव, मग ओल्या फळीवर मारल्यासारखा. पहिल्या फरच्या झाडापासून हातभर अलीकडं त्यांनी गिरमिट टेकवलं. चार वेढे झाले नसतील, पाणी उसळून बुटावर आलं. बर्फ पांढरा नव्हता, काचेसारखाही नव्हता. भिजलेल्या साखरेसारखा करडा होता. आकडी लावली. पावणेतीन.

स्केटिंगचं मैदान तिथून पुढं सुरू होत होतं.

"बाबा, मागे फिरा. आत्ताच्या आत्ता."

ते फिरले. आपल्याच पावलांच्या ठशांत पाऊल टाकत, दोर ताणून ते किनाऱ्याला आले. किनाऱ्यावर आल्यावर सुमेधा स्नोमध्येच बसली. शंकरराव तिच्या शेजारी उभे राहिले. "बस. जरा वेळ बस," एवढंच ते म्हणाले.

मग दोघं एव्हरेटच्या दारात गेले.

दार बऱ्याच वेळानं उघडलं. एव्हरेटच्या हातात काठी होती. ट्रकपाशी कधी न दिसलेली. त्याची नजर आधी वहीवर गेली, मग गिरमिटावर, मग दोघांच्या कमरेच्या दोरावर. त्यानं आत या म्हटलं नाही.

सुमेधानं इंग्रजीत सांगितलं ते असं: उताराशी साडेबारा, ओढ्याशी पावणेतीन, आणि उद्या मुलं तिथं जाणार आहेत.

"अशक्य," एव्हरेट म्हणाला. "माझं मोजमाप बरोबर आहे."

"बरोबर आहे," शंकरराव आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाले. "पण कुठलं? तुम्ही बर्फावर जात नाही. मी पाहिलंय."

एव्हरेटचा जबडा आवळला गेला. "तुमचा हा पहिला हिवाळा आहे, मिस्टर. माझा एकाहत्तरावा. तुम्ही झाडामागून मला काय बघत होता?"

"मोजता की नाही ते."

"आणि कोणाला सांगणार होतात?"

शंकरराव गोंधळले. कोणाला सांगायचं याचा त्यांनी विचारच केला नव्हता. त्यांचा गोंधळ एव्हरेटच्या नजरेतून सुटला नाही. मग काठी टेकत तो बाहेर आला आणि त्यानं घराच्या बाजूला बोट केलं. होड्या ठेवायच्या लाकडी खोलीच्या आड एक छोटा धक्का होता, उतारावरून न दिसणारा. धक्क्याच्या टोकाशी बर्फात ताजं, गोल भोक होतं. शेजारी एक स्टूल.

"नोव्हेंबरात पडलो. खुबा गेला," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, पुन्हा पडलास तर संपलास. धक्क्यावर बसून मोजता येतं. रोज मोजतो, एक दिवस चुकवला नाही. आधी पाच जागी मोजायचो, ओढ्याशीसुद्धा. यंदा एकाच जागी. हे कुणाला कळलं असतं तर फळा दुसऱ्याला गेला असता. तुम्ही वही घेऊन उभे राहायला लागलात. वाटलं, सरकारनं नाहीतर विमा कंपनीनं पाठवलेला माणूस आहे. मी बर्फावर उतरत नाही हे लिहून घेतोय."

"मी तेच लिहून घेत होतो," शंकरराव म्हणाले.

"म्हणून पोलिसांना फोन केला मीच."

सुमेधा म्हणाली, "ते राहू द्या. उद्याचं काय?"

"बघतो," एव्हरेट म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

बघतो! या शब्दाशी शंकररावांचं पिढीजात वाकडं होतं. सरकारी कचेरीत 'बघतो' म्हणजे 'नाही'. ते तडक उतारापाशी गेले, फळ्याच्या खाचेतला खडू उचलला आणि साडेबाराच्या खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: ओढ्याजवळ पावणेतीन. घरी येऊन सुमेधानं फायर स्टेशनला फोन केला. कुणीतरी निरोप लिहून घेतला, नाव दोनदा विचारलं, स्पेलिंग तीनदा.

"पोचवतील का?" शंकररावांनी विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली.

शैलेंद्र आल्यावर आधी चिडला. दोघं बर्फावर गेले, तेही न सांगता, हे त्याला सहन होईना. मग त्यानं वही उघडली. साडेबारा, अकरा, पावणेनऊ, सव्वासहा, पावणेतीन. त्यानं ती ओळ दोनदा वाचली, आणि कोपऱ्यात स्केट्सच्या नाड्या ओवत बसलेल्या मीनाक्षीकडं पाहिलं.

"उद्या बर्फावर जायचं नाही," तो तिला म्हणाला.

"बट डॅडी, एव्हरीवन इज गोइंग!"

"म्हणूनच आपण सकाळी लवकर जाणार आहोत," शैलेंद्र म्हणाला. मग त्यानं वडिलांचा ओला बूट हीटरजवळ नेऊन ठेवला.

शनिवारी आठला सगळे उतारापाशी पोचले. शंकररावांची नजर पहिल्यांदा फळ्यावर गेली. फळा कोरा होता. त्यांचा पावणेतीन पुसलेला. साडेबाराही नाही.

"पुसला!" ते म्हणाले. "मी सांगत होतो!"

"बाबा, थांबा. तिकडं बघा," सुमेधा म्हणाली.

एव्हरेटचा निळा ट्रक उताराच्या तोंडाशी आडवा लावलेला होता, असा की सायकलसुद्धा बर्फावर जाऊ नये. त्याच्या मागं चार गाड्या खोळंबल्या होत्या. दोन फायरवाले पोटावर झोपून, शिडी पुढं सरकवत फरच्या झाडांकडं गेले होते. त्यातल्या एकानं हात वर करून दोन बोटं दाखवली. मग वाकडं करून अर्धं बोट. अडीच इंच.

गर्दी जमत गेली. सूपाची भांडी घेऊन आलेल्या बायका, तंबूचे बांबू घेतलेली माणसं. एक बाई म्हणाली, वीस वर्षं जत्रा तळ्यावर होते, आजवर काही झालं नाही. कुणीतरी शंकररावांकडं बघून शेजाऱ्याच्या कानाशी लागलं. शैलेंद्रनं मुठी खिशात घातल्या.

एव्हरेट ट्रकमधून उतरला. या वेळी काठी घेऊन, सगळ्यांच्या देखत. "फळा मी पुसलाय," तो मोठ्यानं म्हणाला. "माझा आकडा माझ्या धक्क्याचा होता, तळ्याचा नव्हता. यंदा मी तिकडं गेलेलोच नाही. जाऊ शकत नाही. तिकडचं या गृहस्थांनी मोजलंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी आभारही मानले नाहीत. फायरच्या प्रमुखानं एव्हरेटला बाजूला घेतलं आणि त्याच्याशी बराच वेळ, खालच्या आवाजात, बोट नाचवत बोलला. जत्रा चर्चमागच्या शेतात भरली. मुलं टेकडीवरून घसरगाड्या घेऊन खाली आली. मीनाक्षी तासाभरात स्केट्स विसरली. तळ्यात कुणी बुडालं नाही, त्यामुळं पुढं महिनाभर गावात दोन पक्ष राहिले. एक म्हणायचा वाचलो, दुसरा म्हणायचा उगाच घाबरवलं.

मंगळवारी सकाळी निळा ट्रक गजभियांच्या दारात उभा राहिला. एव्हरेट उतरला नाही. काच खाली करून त्यानं मागच्या बाजूकडं अंगठा केला. तिथं पुरुषभर उंचीचं लोखंडी गिरमिट होतं, दांडा हातानं घासून गुळगुळीत झालेलं.

"फायरवाल्यांनी सांगितलंय, पाच जागी मोजा, नाहीतर फळा काढा," तो म्हणाला. "चार तुमच्या. धक्का माझा."

शंकररावांनी विचार केला. "बर्फावर एकटा जाणार नाही. सून येईल, नाहीतर मुलगा. कमरेला दोर."

"ते हवंच."

"आणि तुमच्या धक्क्याचं भोक मी मोजून बघणार."

एव्हरेटनं त्यांच्याकडं पाहिलं. शंकररावांना वाटलं, आता काच वर जाणार.

"बघा," तो म्हणाला. "तुम्ही चारही भोकं खरंच पाडता की नाही, ते मी दुर्बिणीतून बघणार आहे."

त्या दिवसापासून फळ्यावर पाच आकडे येऊ लागले. मैत्री झाली असं कुणी म्हणू नये. दोघं म्हातारे एकमेकांशी बर्फाखेरीज फारसं बोलत नसत, आणि एकमेकांच्या वहीत डोकावल्याशिवाय राहत नसत. पहिल्याच आठवड्यात धक्क्याच्या भोकात पाव इंचाचा फरक आला. एव्हरेट म्हणाला बारा, शंकरराव म्हणाले सव्वाबारा. दोघं त्या भोकावर ओणवून, एक स्टुलावर, एक उकिडवा, पट्टी मागंपुढं करत वाद घालू लागले. सुमेधाला कामावर जायचं होतं. तिनं गाडीतून एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा. दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही.